लिनक्सवर डिस्क बर्न होत नाही? आधी सुडोवरचा हात काढा

सीडी-डीव्हीडीचे दिवस सरले असे म्हणता म्हणता त्या कुठेकुठे टिकून आहेत. एमआरआयच्या फिल्मसोबत येणारी डिस्क, इंजिनिअरिंगच्या ब्लॅक बुकला मागे चिकटवायची प्रोजेक्टची सीडी, लग्नाच्या शूटिंगची मास्टर कॉपी, झालेच तर हार्ड डिस्कवर भरवसा नसलेल्यांचा बॅकअप. लिनक्सवर हे सगळे व्यवस्थित बर्न होते. अडते ते बऱ्याचदा परवानगीपाशी, आणि तिथे अडले की हात सवयीने सुडोकडे जातो. सुडोने डिस्क निघतेही. पण पुढच्या वेळी पुन्हा सुडो, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा सुडो, आणि दरम्यान होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली साचत जातात. ड्राइव्ह कोणी वापरायचा हे मशीनला एकदा नीट सांगितले की ही कटकट मिटते. ते कसे सांगायचे आणि कसे सांगायचे नाही, याची ही यादी.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे सगळी अक्षरे छोटी.

आधी एरर वाचा

करा: एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. के३बी किंवा ब्रॅसेरोची खिडकी 'बर्न अयशस्वी' एवढे सांगून मोकळी होते; खरे कारण लॉगमध्ये असते. के३बीमध्ये त्यासाठी डीबगिंग आउटपुटचे बटणच दिले आहे. ओळखायच्या ओळी मोजक्याच:

'परमिशन डिनाइड' म्हणजे ड्राइव्हची फाइल उघडताच आली नाही. या लेखाचा मुख्य विषय हाच.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणजे फाइल उघडली, पण पुढे पाठवलेली एखादी कमांड कर्नलने अडवली, किंवा प्रोग्रॅमने मागितलेला जास्तीचा अधिकार त्याला मिळाला नाही.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणजे दुसरे कोणीतरी ड्राइव्ह धरून बसले आहे.

'नो मीडियम फाउंड' म्हणजे डिस्क नाही, किंवा आहे पण ड्राइव्हला ओळखता आलेली नाही.

'इनपुट/आउटपुट एरर' म्हणजे डिस्क, लेन्स, केबल किंवा वीज.

टाळा: शेवटच्या तीन एररसाठी परवानग्यांना हात लावणे. ड्राइव्ह बिझी असेल तर 'एफयूझर -व्ही /डेव्ह/एसआर०' विचारा. ड्राइव्ह कोणी धरला आहे ते नावानिशी कळते. डिस्क आपोआप माउंट झाली असेल तर ती अनमाउंट करा, इजेक्ट नको. यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह वाचताना ठीक आणि लिहायला घेतल्यावर मान टाकत असेल तर आधी वीज तपासा. यूएसबी २च्या पोर्टातून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३च्या पोर्टातून ९००, आणि लिहिताना लेझर वाचनापेक्षा बरीच जास्त वीज ओढतो. हब काढून ड्राइव्ह थेट मशीनला लावला की बरेच 'परवानगीचे' प्रश्न तिथेच संपतात.

टाळा: वोडिम नावाचा बर्नर सुरुवातीलाच 'कॅनॉट रेझ आरलिमिट मेमलॉक लिमिट्स' म्हणतो त्याला घाबरणे. ती वॉर्निंग आहे, एरर नव्हे. पूर्वी बर्नरला डेटा वेळेवर मिळाला नाही की डिस्क वाया जायची, म्हणून बर्निंगचा प्रोग्रॅम रॅमचा तुकडा अडवून ठेवायचा आणि प्राधान्यक्रमही वर मागायचा. त्यासाठी रूटचा अधिकार लागायचा. साधारण २००० सालापासून ड्राइव्हमध्येच बर्न-प्रूफसारखी सोय आली. डेटा थांबला तर लेझर थांबतो, आला की तिथूनच पुढे लिहितो. तेव्हा या एका ओळीसाठी रूट व्हायचे काही कारण उरलेले नाही.

ड्राइव्हकडे नीट पाहा

करा: टर्मिनल उघडून 'एलएस -एल /डेव्ह/एसआर०' चालवा. चांगल्या अवस्थेतल्या डेबियन किंवा उबंटूवर उत्तर असे दिसते:

बीआरडब्ल्यू-आरडब्ल्यू----+ १ रूट सीडीरॉम ११, ०

पहिला 'बी' म्हणजे ही ब्लॉक डिव्हाइस आहे. पुढची तीन घरे मालकाची, मालक रूट. त्यापुढची तीन ग्रुपची, ग्रुप सीडीरॉम. शेवटची तीन बाकी सगळ्यांची, आणि ती रिकामी आहेत. तशीच असायला हवीत. ११ हा सीडी ड्राइव्ह सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचा ठरलेला क्रमांक, ० म्हणजे मशीनमधला पहिला ड्राइव्ह.

आता त्या शेवटच्या अधिकच्या चिन्हाकडे पाहा. बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून पुढे जातात, आणि सगळी गोम तिथेच असते. ते चिन्ह असेल तर या फाइलवर ग्रुपखेरीज आणखी कोणालातरी नावानिशी परवानगी दिलेली आहे. ती कोणाला, हे 'गेटएफएसीएल /डेव्ह/एसआर०' सांगते. यादीत 'युजर', पुढे तुमचे लॉगिन नाव आणि पुढे 'आरडब्ल्यू' दिसले, तर परवानगी तुमच्याकडे आधीपासूनच आहे. दुखणे दुसरीकडे शोधा.

टाळा: '/डेव्ह/सीडीरॉम' किंवा '/डेव्ह/डीव्हीडी' पाहून निष्कर्ष काढणे. या फाइली म्हणजे खऱ्या ड्राइव्हकडे बोट दाखवणारे दुवे. दुव्यावर कायम सगळ्यांना सगळी परवानगी दिसते, आणि तिला काडीचाही अर्थ नाही. 'सर्वांना परवानगी आहे, तरी बर्न होत नाही' अशी तक्रार करणारा माणूस बहुधा दुवाच पाहत असतो. दुव्यामागची फाइल पाहायची तर 'एलएस'ला छोट्या एलबरोबर मोठा एलही द्या.

करा: 'डब्ल्यू' आहे ना, हे खात्रीने बघा. नुसता 'आर' असेल तर डिस्क वाचता येते, गाणी वाजतात, फाइली कॉपी होतात. बर्न मात्र होत नाही. यामागे कर्नलचा साधा नियम आहे. बर्नर प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तसे ड्राइव्हमध्ये लिहीत नाही. तो ड्राइव्हला स्कझी कमांड पाठवतो. लेझर तापव, अमुक जागेपासून लिही, सत्र बंद कर. यातल्या वाचनापुरत्या कमांड ज्याने फाइल नुसती वाचायला उघडली आहे त्यालाही पाठवता येतात. लिहिण्याच्या ठरावीक कमांडसाठी फाइल लिहिण्याच्या परवानगीने उघडलेली असावी लागते. आणि यादीबाहेरच्या कमांड, म्हणजे कंपन्यांच्या खास कमांड किंवा फर्मवेअर बदलणाऱ्या कमांड, त्या रूटच्या दर्जाचा अधिकार असल्याशिवाय पुढे जातच नाहीत.

ही चाळणी ऑगस्ट २००४ मध्ये, कर्नल २.६.८ बरोबर आली. त्याआधी ड्राइव्ह नुसता वाचू शकणारा युजरही त्याला वाटेल ती कमांड पाठवू शकायचा. चुकीची कमांड काय करू शकते, याचा नमुना आदल्याच वर्षी, २००३ मध्ये दिसला होता. मॅन्ड्रेक लिनक्स ९.२ बसवताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह निकामी झाले, कारण कॅश रिकामी करण्याची सर्वमान्य कमांड त्या ड्राइव्हांनी फर्मवेअर बदलण्यासाठी वापरली होती. चाळणी आली तेव्हा रूट नसलेल्यांचे बर्निंग एकदम बंद पडले आणि बरीच आरडाओरड झाली. मला विचाराल तर कर्नलवाल्यांचेच बरोबर होते.

करा: 'एसजी'कडेही पाहा. एकाच ड्राइव्हला दोन दारे असतात: 'एसआर०' आणि 'एसजी' पुढे एखादा आकडा. जॉर्ग शिलिंग यांचा मूळ सीडीरेकॉर्ड एसजीच्या दाराने जातो. लिबबर्नवर बेतलेले प्रोग्रॅम, म्हणजे एक्सएफबर्न, सीडीआरस्किन, झोरिसो, हे एसआरच्या. म्हणून एक प्रोग्रॅम चालतो आणि शेजारचा अडतो. कुठल्या एसआरचा कुठला एसजी हे 'एलएसस्कझी -जी' दाखवते. एसजी दिसतच नसेल तर त्याचे मॉड्यूल चढलेले नाही. रूटने 'मॉडप्रोब एसजी' केले की दिसेल.

टाळा: एसजीच्या सगळ्या फाइली सीडीरॉम ग्रुपला देऊन टाकणे. त्यातली एखादी तुमच्या हार्ड डिस्कची असते.

तुम्ही मशीनसमोर बसला आहात ना?

आजच्या बहुतेक डेस्कटॉपवर सीडीची परवानगी ग्रुपमुळे मिळतच नाही. सिस्टमडीचा लॉगइनडी नावाचा भाग पाहतो की पडद्यासमोर या क्षणी कोणाचे सत्र चालू आहे, आणि त्याच युजरला ड्राइव्हवर नावानिशी परवानगी देतो. ते अधिकचे चिन्ह त्याचेच. पडद्यावरचा माणूस बदलला की परवानगीही बदलते. घरच्या मशीनसाठी ही व्यवस्था छान आहे. ज्याच्या हातात डिस्क, त्यालाच ड्राइव्ह.

करा: परवानगी मिळालेली नसेल तर आधी सत्राची चौकशी करा. 'लॉगइनसीटीएल' दिले की सत्रांची यादी येते. मग 'लॉगइनसीटीएल शो-सेशन' आणि आपल्या सत्राचा क्रमांक. उत्तरात तीन गोष्टी पाहायच्या: ॲक्टिव्हपुढे 'यस' हवे, रिमोटपुढे 'नो' हवे, सीटपुढे 'सीट०' हवे. यातली एक जरी बिघडलेली असली तरी नावानिशीची परवानगी मिळणार नाही.

टाळा: एसएसएचने शिरून बर्निंग सुरू करणे आणि 'काल तर चालत होते' म्हणणे. काल तुम्ही मशीनसमोर होता. व्हीएनसी आणि एक्सआरडीपीने आलेल्यांचेही तेच. अशा वापरासाठी ग्रुपचा रस्ता आहे, तो पुढे येतो.

टाळा: बर्न चालू असताना घरातल्या दुसऱ्या कोणाला 'स्विच युजर' करू देणे. उघडलेली फाइल उघडीच राहते, म्हणून चालू असलेले लेखन बहुधा पार पडते. पण के३बी लेखनानंतर पडताळणीसाठी ड्राइव्ह पुन्हा उघडतो, आणि तोवर परवानगी दुसऱ्याकडे गेलेली असते. डिस्क चांगली निघते, एरर मात्र परवानगीची येते, आणि माणूस चांगली डिस्क कचऱ्यात टाकतो.

करा: लॉगिन स्क्रीन न वापरता 'स्टार्टएक्स'ने डेस्कटॉप चढवत असाल तर ज्या टर्मिनलवर लॉगिन केले त्याच आभासी टर्मिनलवर एक्स सुरू होऊ द्या. दुसऱ्यावर गेला की लॉगइनडीच्या लेखी तुम्ही पडद्यासमोर नसता.

ग्रुपमध्ये नाव घालताना

करा: आपल्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये ग्रुपचे नाव काय आहे ते 'एलएस'च्या उत्तरातच वाचा. डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा, ओपनसुसे इथे 'सीडीरॉम', आर्चवर 'ऑप्टिकल'. सी-डॅकची बॉस डेबियनवर आधारलेली, त्यामुळे तिथेही सीडीरॉमच. जुन्या लेखातला ग्रुप डोळे मिटून टाइप करू नका. नसलेल्या ग्रुपमध्ये नाव घालता येत नाही, आणि स्वतः तयार केलेल्या ग्रुपला ड्राइव्ह ओळखत नाही.

करा: 'सुडो युजरमॉड -एजी सीडीरॉम' आणि पुढे युजरचे नाव. यातला 'ए' छोटा, 'जी' मोठा. डेबियनच्या घराण्यात 'सुडो ॲडयुजर', मग युजर, मग ग्रुप, हे जास्त सोपे आणि जास्त सुरक्षित. 'जीपासडब्ल्यूडी -ए' सगळीकडे चालते.

टाळा: युजरमॉडमधला छोटा 'ए' गाळणे. अख्ख्या यादीतली सर्वांत महागडी चूक हीच. 'ए' म्हणजे आहे त्यात भर घाल. तो नसला की कमांडचा अर्थ होतो: या युजरचे जोडग्रुप आता एवढेच. रेशनकार्डात नव्या सुनेचे नाव वाढवायला जावे आणि बाकी सगळ्यांची नावे खोडून घरी यावे, तसा प्रकार. उबंटूवर पहिल्या युजरला सुडो, प्लगडेव्ह, एलपीॲडमिन असे बरेच ग्रुप मिळालेले असतात. 'ए' गाळला की सुडोही जातो. वर गंमत म्हणजे तत्काळ काही कळत नाही, कारण चालू सत्रात जुनेच ग्रुप असतात. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केले की सुडो सांगतो, तुमचे नाव यादीत नाही.

चूक ध्यानात आली आणि सत्र अजून चालू असेल तर लॉगआउट करू नका. त्याच टर्मिनलमध्ये 'आयडी' चालवा, नाव न देता. जुने ग्रुप अजून दिसतील. ते लिहून घ्या आणि सुडो चालतो आहे तोवर एकेक परत घाला. लॉगआउट होऊन बसले असेल तर रिकव्हरी मोडमधून रूट होऊन तेच काम करायचे.

टाळा: 'डिस्क' नावाच्या ग्रुपमध्ये जाणे. नाव मोहात पाडणारे आहे. डिस्क बर्न करायची, मग डिस्क ग्रुप, असे वाटणे साहजिक. पण हा ग्रुप हार्ड डिस्कच्या कच्च्या फाइलींचा. त्यातला युजर फाइलींच्या परवानग्या बाजूला सारून कुठल्याही पार्टिशनमधला कुठलाही बाइट वाचू शकतो, पुसू शकतो. जवळजवळ रूटच. आणि एवढे करून सीडी ड्राइव्ह त्या ग्रुपचा नसतोच, म्हणजे डिस्क काही निघत नाही.

करा: नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी एकदाच वाचली जाते. तेवढ्यापुरते तपासायचे तर 'न्यूजीआरपी सीडीरॉम' दिल्यावर त्याच टर्मिनलमधून बर्नर चालवून बघा. नुसते टर्मिनल बंद करून उघडल्याने काही होत नाही. लॉगआउट करूनही फरक पडला नाही तर मशीन रीस्टार्ट करा. युजरच्या नावाने मागे चालू राहिलेली सिस्टमडीची प्रक्रिया कधीकधी जुनी यादी धरून बसते.

करा: तपासताना फरक लक्षात ठेवा. 'आयडी' नाव न देता चालवले तर चालू सत्राचे ग्रुप दाखवते. 'आयडी' पुढे स्वतःचे नाव दिले तर नोंदवहीतले. दोन उत्तरे वेगळी आली, तर नोंद झाली आहे पण तुम्ही अजून जुन्या सत्रात आहात.

टाळा: कॉलेजच्या लॅबमध्ये सरसकट सगळ्यांना सीडीरॉम ग्रुपमध्ये घालणे. समोर बसलेल्याला परवानगी मिळतेच. ग्रुपमुळे मात्र नेटवर्कवरून शिरलेल्यालाही मिळते, म्हणजे दुसऱ्याच्या ड्राइव्हमधली डिस्क वाचणे आणि मधेच ट्रे बाहेर काढणे, दोन्ही. पोरे हे उद्योग करतात. ग्रुप ठेवा लॅब असिस्टंटसाठी आणि रात्रीच्या बॅकअपच्या युजरसाठी.

या तीन गोष्टी नकोतच

टाळा: 'सीएचमॉड ६६६ /डेव्ह/एसआर०'. एक तर ती टिकत नाही. डेव्हमधल्या फाइली मशीन सुरू होताना दरवेळी नव्याने घडवल्या जातात. यूएसबीचा ड्राइव्ह काढून लावला तरी तेच. दुसरे म्हणजे ती खरीच टिकली असती तर मशीनवरच्या प्रत्येक सेवेला, प्रत्येक पाहुण्याला लिहिण्याचा अधिकार मिळाला असता. काही जण हीच ओळ आरसी-लोकलमध्ये टाकतात. त्यापेक्षा ग्रुप काय वाईट होता?

कायमचा बदल खरोखरच हवा असेल, म्हणजे एखादा आडनिड ड्राइव्ह ओळखलाच जात नसेल, तर यूडेव्हचा नियम लिहा. तो '/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' मध्ये ठेवा. '/यूएसआर/लिब' मधल्या मूळ फाइलीत नको, पुढच्या अपडेटमध्ये ती बदलली जाईल. नियमात पडद्यासमोरच्याला परवानगी देणारा 'यूॲक्सेस' टॅग लावणार असाल तर फाइलच्या नावाची सुरुवात ७३ पेक्षा लहान आकड्याने करा. फाइली आकड्यांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि त्या टॅगवर अंमल ७३ क्रमांकाच्या फाइलीत होतो; तुमचा नियम ९९ वर असेल तर तो वाचला जाईल, पण वरात निघून गेल्यावर. मग 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' आणि 'यूडेव्हएडीएम ट्रिगर'.

टाळा: 'सुडो के३बी', 'सुडो ब्रॅसेरो'. खिडक्यांचे प्रोग्रॅम रूट म्हणून चालवले की ते तुमच्या होममध्ये सेटिंग आणि कॅश रूटच्या मालकीने लिहून ठेवू शकतात. पुढच्या वेळी साधा के३बी उघडला की त्याला स्वतःचीच सेटिंग लिहिता येत नाही, तात्पुरती इमेज ठेवता येत नाही, आणि पुन्हा परवानगीची एरर येते. माणूस समजतो ड्राइव्हचीच आहे आणि पुन्हा सुडो लावतो. हे चक्र तोडायचे तर 'फाइंड ~ -युजर रूट' चालवा. होममध्ये रूटच्या मालकीचे काय काय आहे त्याची यादी येईल. ती पाहून 'सुडो सीएचओन'ने मालकी परत घ्या. के३बीचा तात्पुरता फोल्डरही बघा. एका थराच्या डीव्हीडीची इमेज ४.७ जीबीपर्यंत जाते, तेवढी जागा आणि तिथे लिहिण्याची मुभा दोन्ही हवेत.

डीव्हीडी लिहिणारा ग्रोआयएसओएफएस तर सुडोखाली चालायलाच नकार देतो. आपण सुडोखाली आहोत हे ओळखून तो थांबतो. काही लेख त्यावर सुडोची खूण पुसून पुढे जायची युक्ती शिकवतात. लिहिणाऱ्याने दार मुद्दाम लावले आहे, खिडकीतून का शिरायचे? ड्राइव्हची परवानगी द्या आणि साध्या युजरने चालवा.

टाळा: बर्निंग प्रोग्रॅमला सेटयूआयडी लावणे, म्हणजे कोणीही चालवला तरी तो रूट म्हणून चालेल अशी सोय. एकेकाळी सीडीरेकॉर्डसाठी हाच राजरोस उपाय होता, शिलिंग स्वतः त्याचा आग्रह धरायचे. रूट म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक भोक सापडले की सगळे मशीन गेले. मूळ सीडीरेकॉर्ड वापरायचाच असेल तर फाइल कॅपेबिलिटीचा रस्ता आहे: 'सेटकॅप'ने त्याला कच्च्या आयओचा वगैरे ठरावीक अधिकार द्यायचा, सगळे रूटपण नाही. प्रोग्रॅम अपडेट झाला की हा अधिकार पुसला जातो, एवढे ध्यानात ठेवा. 'परवा अपडेट केले आणि बर्निंग बंद पडले' याचे कारण अनेकदा हेच.

खिडक्यांच्या प्रोग्रॅमला तर सेटयूआयडी लावूच नका. जीटीकेवरचे प्रोग्रॅम तशा अवस्थेत चालतही नाहीत.

जुना सल्ला ओळखा

टाळा: ज्या लेखात '/डेव्ह/एचडीसी', 'आयडीई-स्कझी' किंवा बूटलोडरमध्ये 'एचडीसी=आयडीई-स्कझी' लिहायला सांगितले आहे, तो लेख. ते २.४ कर्नलच्या काळातले आहे. तेव्हा आयडीईचा बर्नर स्कझी असल्याचे सोंग केल्याशिवाय बर्निंग होत नसे. आता ड्राइव्ह साटाचा असो वा यूएसबीचा, तो एसआरच असतो.

करा: सीडीरेकॉर्ड चालवताना खरा कोण चालतो आहे ते 'सीडीरेकॉर्ड -व्हर्जन' विचारून बघा. परवान्याच्या वादातून डेबियनने २००६ मध्ये शिलिंग यांच्या संचाची वेगळी शाखा काढली, तिचे नाव सीडीआरकिट. तिच्यातला बर्नर वोडिम. पुष्कळ मशीनवर सीडीरेकॉर्ड हे नाव वोडिमकडे वळवलेले असते. वोडिम सीडीपुरता ठीक आहे. डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी झोरिसो किंवा ग्रोआयएसओएफएस धरा.

करा: प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅकचा असेल तर त्याच्या कुंपणाची वेगळी परवानगी तपासा. 'स्नॅप कनेक्शन्स' आणि पुढे प्रोग्रॅमचे नाव दिले की 'ऑप्टिकल-ड्राइव्ह' जोडलेला आहे का ते दिसते. युजरला परवानगी, पण प्रोग्रॅमला नाही, असे इथे होऊ शकते. टर्मिनलमधून झोरिसो चालतो आणि खिडकीतला प्रोग्रॅम अडतो, तर संशय इथे घ्या.

टाळा: पेन ड्राइव्हसारखे 'डीडी'ने आयएसओ थेट '/डेव्ह/एसआर०' वर ओतणे, किंवा माउंट झालेल्या डिस्कच्या फोल्डरवर सीएचमॉड चालवणे. सीडीवरची आयएसओ फाइलसिस्टिम माउंट होते ती वाचण्यापुरतीच. तिथे 'पेस्ट' करडे दिसते ते परवानगी नसल्यामुळे नव्हे.

डिस्कवर जाणाऱ्या परवानग्या

ड्राइव्हचे निस्तरले तरी एक बाजू उरते, आणि तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

करा: इमेज बनवताना 'जेनआयएसओइमेज'ला छोटा 'आर' द्या, मोठा नव्हे. रॉक रिज नावाच्या जोडणीमुळे आयएसओ डिस्कवर लिनक्सची मालकी आणि परवानग्याही उतरतात. मोठा 'आर' त्या जशाच्या तशा उतरवतो. समजा फाइल तुमच्या मशीनवर ६०० आहे, म्हणजे फक्त मालकाला वाचता येणारी, आणि तुमचा युजर क्रमांक १०००. ती डिस्क दुसऱ्याच्या लिनक्सवर लावली आणि त्याचा क्रमांक १००१ असला तर त्याला ती उघडत नाही. ज्याचा क्रमांक १००० त्याला मात्र उघडते, मग तो कोणीही असो. विंडोज या परवानग्या पाहत नाही, तिथे सगळे उघडते, म्हणून देणाऱ्याला पत्ता लागत नाही. छोटा 'आर' मालकी शून्यावर आणतो आणि सगळ्या फाइली सगळ्यांना वाचता येतील अशा करतो. दुसऱ्याला द्यायच्या डिस्कसाठी हाच. स्वतःच्या बॅकअपला मूळ परवानग्या हव्या असतील तर मोठा 'आर' घ्या, किंवा आधी सगळे टारमध्ये बांधा.

टाळा: इमेज बनतानाच्या ओळी न वाचता पुढे जाणे. जी फाइल तुम्हालाच वाचता येत नाही ती हा प्रोग्रॅम एका ओळीत नोंदवून गाळतो आणि काम चालू ठेवतो. इमेज तयार होते, डिस्क निघते, पडताळणीही पास होते, कारण पडताळणी डिस्क आणि इमेज यांच्यात असते. इमेज आणि मूळ फोल्डर यांच्यात नव्हे. ऑफिसच्या सामायिक फोल्डरचा बॅकअप घेताना हे हमखास होते. इमेज करण्याआधी फोल्डरमध्ये जाऊन 'फाइंड . ! -रीडेबल' चालवा. एकही ओळ आली नाही तर सगळे वाचता येते आहे.

कोरी डिस्क घालण्याआधी

करा: ड्राइव्ह दिसतो का ते साध्या युजरने 'झोरिसो -डिव्हायसेस' चालवून बघा. ज्या ड्राइव्हवर वाचण्या-लिहिण्याची परवानगी आहे तेवढेच त्यात येतात. साध्या युजरला यादी रिकामी आणि रूटला ड्राइव्ह दिसतो, तर प्रश्न परवानगीचा. दोघांनाही रिकामी, तर केस उघडून केबल तपासा.

करा: पहिली चाचणी सीडी-आरडब्ल्यूवर घ्या, किंवा वोडिमला '-डमी' द्या. लेझर कमी ताकदीवर ठेवून सगळे लेखन खोटे खोटे होते. परवानगीची अडचण असेल तर ती इथेच उघडी पडते आणि डिस्क कोरीच राहते. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरवर ही सोय आहे.

टाळा: डीव्हीडी+आरवर डमी मागणे. त्या प्रकारात खोटे लेखन नाहीच. तिथे चाचणी डीव्हीडी+आरडब्ल्यूवर घ्या, आणि ती निघाली की त्याच युजरने, त्याच सत्रातून खरी डिस्क घाला.